सासरे विरुद्ध तलाव

माझ्या सासऱ्यांनी माझ्या आईवर दावा लावला, असं सगळीकडे पसरलं होतं, ते खरं नाही. दावा तलावावर होता. आई फक्त त्या तलावाची पालक होती. त्या वर्षी मी भेटेल त्याला हे समजावून सांगत असे, आणि ऐकणारा दर वेळी माझ्याकडे जरा काळजीनेच बघे. म्हणून एकदाच सगळं नीट सांगते.

शहराच्या पूर्वेला, बस जिथे वळून परत फिरते तिथे तो तलाव आहे. फार मोठा नाही. रमतगमत फेरी मारली तर अर्धा तास लागतो. एका काठाला शाळा, दुसऱ्या काठाला लॉन्ड्री, आणि उताराच्या बाजूला माझ्या सासऱ्यांचं गाद्यांचं गोदाम. गेली कित्येक वर्षं तलाव कडेकडेने आकसत चालला होता. कुणी कुंपण चार पावलं पुढे सरकवलं, कुणी जुन्या बांधकामाचा राडारोडा आणून टाकला. शेवटी शाळेतल्या शिक्षकांनी कोर्टात अर्ज केला. चार वर्षं तारखा पडल्या, आणि मग निकाल आला तो असा, की आजपासून हा तलाव कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती आहे. त्याला जगण्याचा हक्क आहे, स्वच्छ राहण्याचा हक्क आहे, आणि पाणी वाढेल तेव्हा आपल्या जागेत पसरण्याचाही हक्क आहे. कंपनी जर कायद्याने व्यक्ती होऊ शकते, तर तलावाने काय घोडं मारलंय, असा एकूण सूर होता.

आता व्यक्ती म्हटली, की तिच्या वतीने सह्या करायला कुणीतरी हवं. कोर्टाला असा माणूस हवा होता ज्याचा तलावाच्या काठावर वीतभरही तुकडा नाही, आणि ज्याला जमिनीचं कळतं. आई जमीन मोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं मोजणीदार होती. नुकतीच निवृत्त झाली होती, आणि रिकामपणी तिने स्वतःच्या बाल्कनीची तीनदा मोजणी करून बिल्डरने कितीची टोपी घातली ते काढलं होतं. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तिने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी शिक्का करून आणला – ‘तलावाकरिता, पालक’.

रविवारी ती आमच्याकडे आली तेव्हा सासऱ्यांनी दारातच तिचं अभिनंदन केलं. सासरे म्हणजे दारातून जरा तिरकं होऊन आत यावं लागेल एवढा माणूस, पण आवाज मऊ. जन्मभर गाद्या विकल्यामुळे असेल, पण कुठेही बसण्याआधी ते तळहाताने जागा दाबून बघतात.

“म्हणजे विहीणबाई, या वयात मुलगा झाला म्हणायचा!”

“म्हणजे माझा मेव्हणा,” माझा नवरा म्हणाला.

“मेव्हणा चांगला आहे,” सासूबाई म्हणाल्या. “निदान बोलत तरी नाही.”

हसण्यावारी गेलं सगळं. आई मात्र हसली नाही. ती रोज सकाळी तलावावर जायला लागली. काठच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आहे ते बघायची, एका वहीत लिहायची, आणि कुणी कचरा टाकताना दिसलं की त्याचं नाव-गाव विचारून तेही त्याच वहीत लिहायची. महिन्याभरात लॉन्ड्रीवाला साबणाचं पाणी गटारात सोडू लागला, आणि आईला येताना पाहिलं की शाळेची मुलं चॉकलेटचे कागद खिशात घालू लागली.

पुढच्या पावसाळ्यात सलग तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याने गोदामाचं शटर उघडलं आणि आतून एक गादी तरंगत बाहेर आली. तिच्यामागून दुसरी. आत गुडघाभर पाणी होतं. पाणी प्यायलेली गादी काय असते ते मला त्या दिवशी कळलं. एकेक गादी बाहेर काढायला चौघे लागत होते, आणि बाहेर काढून टेकवली की ती आजारी म्हशीसारखी हळूच एका कुशीवर व्हायची. सासरे प्रत्येक गादीवर तळहात ठेवायचे, दाबायचे, बोटांमधून पाणी यायचं, की पुढच्या गादीकडे जायचे.

विमा होता. नैसर्गिक आपत्तीसाठीच होता. म्हणून आठवड्याभरात घरात थोडी धुगधुगी आली होती, तेवढ्यात विमा कंपनीचं पत्र आलं. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं आणि मग नीट समजलं नाही म्हणून परत वाचलं. लिहिलं होतं, की आपल्या मालाचे नुकसान निसर्गाने केलेले नसून एका कायदेशीर व्यक्तीने केलेले आहे. सबब आपण सदर व्यक्तीकडे भरपाई मागावी.

“कोणती व्यक्ती?” सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. “मेव्हणा,” तो म्हणाला.

सासऱ्यांचे एक बालमित्र वकील आहेत. आवाज इतका मोठा, की ते कोर्टात कुजबुजले तरी मागच्या बाकाला ऐकू जातं. त्यांनी पत्र वाचून मांडीवर थाप मारली. “हक्क हवेत ना? मग जबाबदारीपण घ्या म्हणावं! शेजाऱ्याच्या घरात न विचारता शिरला, मालाची नासधूस केली. लावू दावा!”

समन्स बजावायला आलेला बेलिफ फार सरळमार्गी होता. समन्स पक्षकाराच्या हातात द्यायचं, किंवा तो भेटला नाही तर राहत्या जागी चिकटवायचं, हा त्याचा नियम. तो तलावावर गेला, अर्धा तास काठावर उभा राहिला, आणि ‘पक्षकार समक्ष हजर, परंतु सही देण्यास असमर्थ’ असा शेरा मारून त्याने तो कागद पायऱ्यांजवळच्या झाडाला डकवला. आईने सकाळी येऊन तो काढला, पुसला आणि खाली आपला शिक्का मारला.

“वडिलांचं नाव लिहिलेलं नाही यात,” एवढंच ती मला फोनवर म्हणाली. “आणि वयाच्या रकान्यात ‘सज्ञान’ लिहिलंय. ते बरं आहे.”

मला धास्ती होती रविवारची. पण आई नेहमीच्या वेळी आली आणि सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची दाबून बघून तिला पुढे केली.

“विहीणबाई, एक स्पष्ट सांगतो. तुमच्याबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण तलावाशी आहे.”

“त्याच्याही मनात तुमच्याबद्दल काही नाही,” आई म्हणाली. “पण खटल्याविषयी आपण घरात बोलायचं नाही. ते बरोबर दिसत नाही.”

दोघांनी मान डोलावली. त्यानंतर दोघंही खटल्याविषयी फक्त माझ्याशी बोलत, दुसऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “काय गं, तुझ्या आईने जबाब तयार केला का?” “काय गं, तुझे सासरे नुकसानीत ओल्या गाद्याच धरतायत ना, की कोरड्यासुद्धा?” मी म्हणजे टपालखातं झाले होते. आणि सासरे त्या तलावाला अक्षरशः पाण्यात पाहत होते. बसने जाताना तलाव आला, की तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवायचे.

पहिल्या तारखेला मी गेले. सासरच्यांच्या बाकावर बसावं की आईच्या, हे न कळून दाराशीच उभी राहिले. शिपायाने दारात येऊन तीनदा पुकारा केला, “तलाव हजर आहे का?” कोर्टात खसखस पिकली. आई उठली.

“हजर नाही. त्याच्या वतीने मी आहे.”

न्यायाधीश एक किडकिडीत बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “हजर का नाही?”

“मॅडम, तो आत आला तर आपल्या सगळ्यांना बाहेर जावं लागेल.”

मॅडमनी हसू दाबत काहीतरी लिहून घेतलं. मोठ्या आवाजाच्या वकिलांनी मग त्यांचं भाषण केलं. ते खरं सांगायचं तर चांगलं झालं. माणसाने दुसऱ्याच्या घरात शिरून सामान भिजवलं तर आपण त्याला सोडू का, मग तलावाला का सोडायचं, असं. माझीसुद्धा मान हलली. आईने उत्तरासाठी तीन आठवड्यांची मुदत मागितली आणि ती मिळाली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “रविवारी सकाळी मोकळी आहेस? टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंय.”

मोजणी कचेरीच्या दप्तरखान्यातून तिने एक जुन्या नकाशाची नक्कल काढून आणली होती. गोदाम, लॉन्ड्री, शाळा, यांपैकी काहीही नव्हतं तेव्हाचा नकाशा. त्यावर तलाव होता, आजच्यापेक्षा बराच ऐसपैस, आणि त्याच्या उताराच्या कडेतून निघालेली एक निळी रेघ.

“हा सांडवा,” आई म्हणाली. “तलाव काठोकाठ भरला, की जास्तीचं पाणी या वाटेने खालच्या नाल्याला जायचं. तीन मीटर रुंद. टोक धर. ताठ धर, झोळ नको.”

आम्ही पायऱ्यांपासून मोजत निघालो. शाळेचं कुंपण आलं, ते ओलांडलं. लॉन्ड्रीच्या वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून गेलो. रेघ जाते तसे गेलो, आणि जिथे थांबलो तिथे माझ्या नाकासमोर गोदामाची भिंत होती. भिंतीच्या पलीकडे चौथं कपाट, जिथे आमच्या सगळ्यांत भारी गाद्या असतात. असायच्या.

आईने टेप गुंडाळली. आम्ही तलावाच्या पायरीवर येऊन बसलो.

“तो शिरला नाही गं,” ती म्हणाली. “आपल्या नेहमीच्या वाटेने गेला. वाटेत मध्येच गोदाम होतं.”

“हे तू कोर्टात देणार?”

“तू सांग.”

मला राग आला. “मी काय सांगू? तू हा कागद दिलास की दावा तर जाईलच, पण गोदामही जाईल. उद्या पाडा म्हणाले तर? मी त्या घरात राहते, आई. तुला त्याची काळजी आहे, माझी नाही?”

आईने वही उघडली, मिटली. “मी तुझीही पालक आहे. तू मला धडधडीत तोंडावर बोललीस आत्ता. तुला तोंड आहे. त्याला नाही. नकाशा लपवला तर त्याच्या वतीने बोलणारं कुणीच राहणार नाही.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “पण पुढचं काय मागायचं, ते माझ्या हातात आहे. जरा धीर धर.”

मी धीर धरला असं म्हणवत नाही. मी तिच्याशी दहा दिवस बोलले नाही.

कोर्टात कागद दिला, की त्याची एक प्रत दुसऱ्या बाजूला द्यावी लागते. त्याप्रमाणे नकाशा आमच्या घरी आला. सासरे तो जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, “टेपचं दुसरं टोक तू धरलंस का गं?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. “हो, बाबा.”

“ताठ धरलं होतंस?”

“हो.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि नकाशाची घडी घालू लागले. ती त्यांना जमेना. शेवटी मीच घालून दिली.

पण वकील ऐकेनात. नकाशे काय, जुने असतात, चुकतात; जमिनीवर आज सांडवा कुठे दिसतो ते दाखवा, असा त्यांनी पवित्रा घेतला. तेव्हा मॅडम म्हणाल्या, “एक पक्षकार इथे येऊ शकत नाही. मग आपणच त्याच्याकडे जाऊ.”

पाहणीच्या दिवशी सगळं कोर्ट गमबूट घालून गोदामात आलं. सासऱ्यांना पाहुणचाराची खोड. खुर्च्या कमी पडल्या तर त्यांनी मॅडमसाठी एक नवी कोरी गादी स्टुलावर ठेवली, दाबून बघितली, मग बदलली आणि दुसरी ठेवली. मॅडम त्यावर बसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं, की वकिलांना वाटलं आपण जिंकलो.

“बघा मॅडम,” त्यांचा आवाज पत्र्यावर घुमला, “सरळ, सपाट, पक्की फरशी. कुठाय सांडवा? हा नकाशा म्हणजे कुणाच्या तरी पेनातून सांडलेली शाई आहे.”

“मालक,” मॅडमनी सासऱ्यांना विचारलं, “तुमचं म्हणणं काय? या जागेला ओल वगैरे कधी होती का?”

वकिलांनी सासऱ्यांकडे बघून भुवया उडवल्या. सासरे चौथ्या कपाटापाशी उभे होते. त्यांनी भुवयांकडे बघितलं, मग आईकडे, मग खाली फरशीकडे.

“होती,” ते म्हणाले. “मी लहान असल्यापासून आहे. याच पट्ट्यात. आमचे वडील इथे नेहमी काथ्याच्या गाद्या ठेवायचे, काथ्याला ओल चालते म्हणून. ते गेल्यावर मी फोमच्या ठेवायला लागलो. हौस, दुसरं काय.”

“अरे!” वकील म्हणाले. कुजबुजलेच ते, पण लॉन्ड्रीतल्या लोकांनी वळून बघितलं.

“मग खोटं सांगू? मॅडम माझ्या गादीवर बसल्यात.”

चार फरश्या उचलल्या. खाली भराव, आणि भरावाच्या दोन्ही कडांना घडीव दगडांची एकेक ओळ, नकाशात होती तशीच तिरकी. आईने टेप लावली. तीन मीटर, वर चार बोटं. सासरे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्यातला एक दगड तळहाताने दाबून बघितला.

“आमच्या वडिलांनी जागा घेतली तेव्हा सगळं सपाटच होतं,” ते आईला म्हणाले. कोर्टाला नाही, आईला. “त्यांना माहीत नव्हतं.”

“माहीत नसणारच,” आई म्हणाली. “भरणाऱ्याने सांगितलं नसेल.”

त्या रविवारनंतर खटल्याविषयी दोघं एकमेकांशी थेट बोलली ती ही पहिली वेळ.

मग मॅडमनी आईला विचारलं, की तलावाची काय मागणी आहे. कायद्याप्रमाणे तो अख्खं बांधकाम हटवायला सांगू शकत होता. आईने वही उघडली. तिने तिथे काय मागायचं ते आधीच लिहून ठेवलं होतं, खाडाखोड करकरून.

“मॅडम, त्याला गोदाम नकोय. त्याला जायला वाट हवी. तीन मीटर. समोरच्या भिंतीत एक दार, मागच्या भिंतीत एक दार, आणि मधली फरशी काढायची. उरलेली जागा त्याच्या कामाची नाही.”

निकाल तसाच लागला. तलावाचा काही दोष नाही, तो आपल्या हक्काच्या वाटेने गेला, दावा फेटाळला, गोदाममालकाने सहा महिन्यांत सांडवा मोकळा करावा. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि ते जड पावलांनी बाहेर व्हरांड्यात आले. आई निकालाची सहीशिक्क्याची प्रत घेऊन त्यांच्यामागून आली आणि तिने ती त्यांच्या हातात दिली.

“ही विमावाल्यांना पाठवा.”

“आता काय उरलंय पाठवण्यासारखं? हरलो ना मी.”

“तुम्ही हरलात म्हणूनच. ते म्हणाले होते, नुकसान एका व्यक्तीने केलं. कोर्ट म्हणतं, त्या व्यक्तीने काहीच केलं नाही. मग राहिलं काय? पाऊस. आणि पाऊस अजून तरी व्यक्ती झालेला नाही.”

सासऱ्यांनी कागद वाचला. परत वाचला. मग ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले, चक्क दाबून न बघता, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी आईकडे बघितलं. ती टेपचं बटण उगाच दाबत उभी होती. मला त्या दहा दिवसांची लाज वाटली, आणि तिला ते कळलंही असावं, कारण तिने मला एक धपाटा घातला आणि चहा पाजायला सांगितलं.

विमा कंपनीने दोन महिने आढेवेढे घेतले, पण दिलं. गोदामाचे आता दोन भाग आहेत आणि मधून सांडवा जातो. त्यावर सासऱ्यांनी लाकडी पूल टाकलाय. अलीकडे साध्या गाद्या, पलीकडे भारी. पुढच्या पावसाळ्यात पाणी एका दारातून आलं, शिस्तीत मधून गेलं आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडलं. त्या दिवशी सासरे पुलावर उभे राहून गिऱ्हाइकांना ते दाखवत होते, जणू त्यांनीच आणवलं होतं. एका गिऱ्हाइकाने गादी न घेताच दोन तास पाणी बघितलं, तरी ते रागावले नाहीत.

आता आईची तीन वर्षांची मुदत संपत आलीय. नव्या पालकासाठी अर्ज मागवले, तर पहिला अर्ज सासऱ्यांचा. ‘तलावाशी असलेले नाते’ या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, ‘माजी वादी’. काठावर ज्याची मालमत्ता आहे त्याला पालक होता येत नाही, अशी लेखी हरकत आईने दुसऱ्याच दिवशी नोंदवली. सासरे म्हणतात, तलावाला माझ्याइतकं जवळून कुणी ओळखतं का, माझ्या घरातून जातो तो. आई म्हणते, म्हणूनच तर.

हरकतीवर सुनावणी व्हायचीय. आपली बाजू बळकट करायला म्हणून सासरे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पोहायला शिकतायत. काल सकाळी मी त्यांचा टॉवेल धरून पायरीवर बसले होते. ते पोटापर्यंतच्या पाण्यात उभे होते, दोन्ही हात वर धरून, आणि पुढे पाऊल टाकायला काही धजत नव्हते. वरच्या पायरीवरून आई सूचना देत होती, “अंग सैल सोडा! आडवे व्हा! तो धरतो!”

“नक्की धरतो?” सासऱ्यांनी विचारलं.

“आत्तापर्यंत सगळ्यांना धरलंय.”

त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि ते उताणे झाले. बराच वेळ ते तसेच पडून राहिले, पोट वर, डोळे मिटलेले, हलकेच डुलत. आम्हाला वाटलं काही झालं की काय. मग तिथूनच त्यांचा आवाज आला, जरा ओशाळलेला.

“विहीणबाई, इतकी मऊ गादी मी जन्मात बनवली नाही हो.”